मानसिक आजार, सक्तीचे उपचार आणि पोलीस: पहिल्यांदाच या वाटेला आलेल्यांसाठी

मानसिक आजारामुळे संकटात सापडलेल्या माणसाला पोलीस संरक्षणात घेतात, तेव्हा तो आरोपी नसतो. त्याच्यावर गुन्हा दाखल झालेला नसतो, त्याला कोठडीत ठेवता येत नाही आणि त्याला भरती करायचं की नाही हे ठरवणंही पोलिसांच्या हातात नसतं. माणसाला सुरक्षित ठेवायचं, त्याला कारण सांगायचं आणि चोवीस तासांच्या आत जवळच्या सरकारी दवाखान्यात पोचवायचं, इतकंच पोलिसांचं काम. पुढचा निर्णय डॉक्टरांचा. हे एकदा डोक्यात पक्कं बसलं की बाकीचा कायदा समजायला जड जात नाही.

बहुतेक कुटुंबं मात्र पोलीस ठाण्याची पायरी चढतात ती भलत्याच समजुती घेऊन. काहींना वाटतं, पोलिसांना बोलावलं की ते गाडीत घालून थेट मनोरुग्णालयात नेऊन टाकतील आणि आपली सुटका होईल. काहींना वाटतं, पोलिसांत गेलं की केस होईल, पोराच्या नावावर कायमचा डाग लागेल. मग परिस्थिती हाताबाहेर गेली तरी ती माणसं दारं लावून गप्प बसतात. दोन्ही समजुतींनी रुग्णाचंच नुकसान होतं. हा लेख घरच्यांसाठी आहे, शेजाऱ्यांसाठी आहे आणि रस्त्यावरच्या बेघर रुग्णांसाठी काम करायला नुकतीच सुरुवात केलेल्या कार्यकर्त्यांसाठीही आहे.

आधी कायदा कोणता ते माहीत करून घ्या

आपल्याकडे सध्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ लागू आहे. तो २९ मे २०१८ पासून अंमलात आला. त्याआधी १९८७ चा कायदा होता आणि त्याच्याही आधी इंग्रजांच्या काळातला १९१२ चा. १९८७ च्या कायद्यात पोलिसांनी ताब्यात घेतलेल्या रुग्णाला चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर उभं करावं लागायचं आणि भरतीचा हुकूम तिथून निघायचा. म्हणजे माणूस आजारी, पण पहिली पायरी कोर्टाची. २०१७ च्या कायद्याने ही वाट बदलली. आता पोलिसांनी रुग्णाला आधी डॉक्टरांकडे न्यायचं असतं.

जुनी सवय मात्र पुरती गेलेली नाही. "कोर्टाची ऑर्डर आणा, मगच घेतो" हे वाक्य आजही कुटुंबांच्या कानावर पडतं. म्हणून कलमांचे आकडे लिहून ठेवा: पोलिसांची कर्तव्यं कलम १०० मध्ये, घरातल्या छळाबद्दल कलम १०१, दंडाधिकाऱ्यांचे अधिकार कलम १०२ मध्ये, संमती नसताना होणारी भरती कलम ८९ मध्ये, तातडीचे उपचार कलम ९४ मध्ये. ठाण्यात किंवा दवाखान्यात बोलताना आकडा नेमका सांगितला की समोरचा माणूस निदान पुस्तक उघडून बघतो.

पहिली पायरी: पोलिसांची खरंच गरज आहे का?

घाईत असलात तरी इथे दोन मिनिटं थांबा, कारण पुढचं बरंच काही या उत्तरावर अवलंबून आहे.

रुग्ण स्वतःहून दवाखान्यात यायला तयार असेल तर पोलिसांचा संबंधच येत नाही. कलम ८६ प्रमाणे सज्ञान व्यक्ती स्वतः अर्ज करून भरती होऊ शकते आणि कायद्याचा कल शक्यतो याच वाटेकडे आहे. रुग्ण तयार नाही, पण घरच्यांचं थोडंफार ऐकतो, अशी परिस्थिती असेल तरी आधी १४४१६ वर फोन करा. ही टेलिमानस, म्हणजे फोनवर मानसिक आरोग्याचा सल्ला देणारी सरकारी सेवा आहे, पैसे लागत नाहीत, मराठीतही बोलता येतं. दवाखान्यात न्यायला गाडी हवी असेल तर १०८.

पोलिसांना बोलवायची वेळ कधी येते हे कलम १०० वाचलं की कळतं. ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याने दोन परिस्थितींत माणसाला संरक्षणात घ्यायचं आहे. पहिली: कोणी रस्त्यावर भटकताना आढळला, त्याला मानसिक आजार असावा असं मानायला कारण आहे आणि तो स्वतःची काळजी घेऊ शकत नाही. दुसरी: मानसिक आजारामुळे त्याच्यापासून स्वतःला किंवा इतरांना धोका आहे असं मानायला कारण आहे. या दुसऱ्या परिस्थितीत माणूस रस्त्यावरच असावा लागतो असं कायदा म्हणत नाही. तो ठाण्याच्या हद्दीत कुठेही असू शकतो, म्हणजे घरातही. "घरगुती मामला आहे, आम्ही घरात काही करू शकत नाही" असं उत्तर मिळालं तर हे लक्षात असू द्या.

धोका आणि त्रास यांत मात्र फरक करा. रात्रभर मोठमोठ्याने बोलणं, अंघोळ न करणं, नोकरी सोडून बसणं, देवाधर्माच्या विचित्र वाटणाऱ्या गोष्टी सांगणं याने घर मेटाकुटीला येतं हे खरं आहे. पण एवढ्यावर पोलिसांनी माणूस उचलावा असं कायद्यात नाही, आणि माझ्या मते नसावंही. घरच्यांच्या मर्जीविरुद्ध लग्न करणारी मुलगी, इस्टेटीच्या वादातला भाऊ, समाजाच्या चालीरीती न मानणारा माणूस यांना 'मनोरुग्ण' ठरवून अडकवण्याचे प्रकार होऊ नयेत म्हणून कलम ३ स्पष्ट सांगतं की राजकीय, आर्थिक, सामाजिक स्थान किंवा समाजाच्या नैतिक, सांस्कृतिक कल्पनांशी न जुळणं यावरून कोणाला मानसिक आजारी ठरवता येणार नाही.

दारू किंवा इतर नशेशी जोडलेले मानसिक विकार मात्र कायद्याच्या व्याख्येत येतात. इथेच एक धोक्याची सूचना. व्यसनमुक्ती केंद्राची चार माणसं गाडी घेऊन येतात, माणसाला हातपाय धरून उचलतात आणि घरच्यांकडून पैसे घेतात, हा प्रकार सर्रास चालतो. खासगी केंद्राच्या माणसांना असं उचलून नेण्याचा कोणताही अधिकार या कायद्याने दिलेला नाही. हतबल झालेल्या आईवडिलांना ती सोय वाटते हे मी समजू शकतो, पण त्या वाटेला जाऊ नका.

दुसरी पायरी: फोनवर काय सांगायचं

११२ वर फोन करा. जवळच्या ठाण्याचा नंबर असेल तर तिथेही करा. घाबरलेल्या माणसाच्या तोंडून "लवकर या, तो वेडा झालाय, मारून टाकेल" असं काहीतरी बाहेर पडतं. पलीकडच्याला यातून हाणामारीचा कॉल एवढंच कळतं आणि गाडी त्याच तयारीने येते. त्यापेक्षा असं सांगा:

"माझा भाऊ, वय बत्तीस, त्याला स्किझोफ्रेनिया आहे. सरकारी दवाखान्यात उपचार चालू होते, काही दिवसांपासून गोळ्या बंद आहेत. त्याने स्वतःला खोलीत कोंडून घेतलंय आणि जीव देईन म्हणतोय. आत हत्यार नाही, पण काचेच्या वस्तू आहेत. आम्ही दारूची किंवा मारामारीची तक्रार करत नाही. हा आजारी माणूस आहे, त्याला दवाखान्यात न्यायला मदत हवी आहे. शक्य असेल तर सायरन न वाजवता या. तो त्याच्या मावशीचं ऐकतो, ती इथेच आहे."

आजार, उपचार, आत्ताचा नेमका धोका, हत्यार आहे की नाही आणि तो कोणाचं ऐकतो, एवढं आलं पाहिजे. हत्यार असेल तर लपवू नका. पोलीस बेसावध आत गेले तर त्यांचाही जीव धोक्यात येतो आणि रुग्णाचाही. रुग्ण स्त्री असेल तर महिला पोलीस पाठवा असं फोनवरच सांगा.

गाडी येईपर्यंत लहान मुलांना आणि बघ्यांना दूर ठेवा. खोलीत एकाच माणसाने बोलावं, हळू आवाजात, छोटी वाक्यं. त्याला ऐकू येणाऱ्या आवाजांवरून, त्याच्या संशयांवरून वाद घालू नका. "तुला भीती वाटतेय ना, मी इथेच आहे" एवढं पुरतं. जुनी प्रिस्क्रिप्शन, डिस्चार्ज कार्ड, आधार कार्ड, चालू गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत भरून दाराजवळ ठेवा. पुढच्या तासाभरात ही पिशवी दहा वेळा लागेल.

तिसरी पायरी: पोलीस दारात आल्यावर

कलम १००(२) प्रमाणे अधिकाऱ्याने संरक्षणात का घेत आहोत याचं कारण त्या माणसाला सांगायचं असतं. त्याला समजणं कठीण जात असेल तर त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला सांगायचं, म्हणजे उपचारांच्या बाबतीत त्याने नेमलेल्या व्यक्तीला, आणि कोणी नेमलेलं नसेल तर सहसा नातेवाईकाला. ही नुसती औपचारिकता समजू नका. "चल रे, साहेबांनी बोलावलंय" किंवा "तुझी नोकरीची मुलाखत आहे" अशा थापा मारून गाडीत बसवलं की माणूस त्या वेळेपुरता बसतो, पण पुढे घरच्यांवरचा आणि डॉक्टरांवरचा त्याचा विश्वास उडतो आणि गोळ्या घेणं बंद होतं. खरं सांगितलं की ओरडाआरडा होतो, वेळ जातो. तरीही खरंच सांगा. "तू जीव द्यायचं म्हणालास म्हणून आम्हाला काळजी वाटतेय. हे पोलीस तुला पकडायला आलेले नाहीत, सरकारी दवाखान्यात डॉक्टरांना दाखवायला नेतायत. मी सोबत येतोय." शक्य तिथे घरचं एक माणूस त्याच गाडीत बसावं.

बेड्या घालायची भाषा झाली तर शांतपणे विचारा, "साहेब, गुन्हा दाखल नाही, हा पेशंट आहे, मग बेड्या कशाला?" शक्य तितका कमी बळाचा वापर व्हावा असा आग्रह धरा. वर्दीतल्या सहा जणांऐवजी साध्या कपड्यातला एक जण आधी पुढे गेला तर बऱ्याचदा हात लावायची गरजच पडत नाही, आणि अनुभवी हवालदारांना हे कोणी शिकवावं लागत नाही.

कलम २७ मधलं पोलिसांचं एक कर्तव्य फार कमी जणांना ठाऊक असतं. या माणसाला मोफत कायदेशीर मदत मिळण्याचा हक्क आहे हे त्याला सांगणं आणि ती कुठे मिळेल याचा संपर्क देणं हे पोलिसांवर बंधनकारक आहे. विधी सेवा प्राधिकरणाचा देशभराचा नंबर १५१००.

चौथी पायरी: ठाणे ते दवाखाना, चोवीस तासांचा हिशेब

माणसाला संरक्षणात घेतल्या क्षणापासून चोवीस तास मोजायला लागतात. कायद्याचे शब्द 'शक्य तितक्या लवकर' असे आहेत, चोवीस तास ही कमाल मर्यादा. या काळात त्याला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. कलम १००(४) मध्ये 'कोणत्याही परिस्थितीत' असे शब्द आहेत. रात्र आहे, गाडी नाही, डॉक्टर सकाळी भेटतील, यांतलं कुठलंच कारण कोठडीसाठी चालत नाही. थांबावंच लागलं तर ठाण्यातल्या मोकळ्या खोलीत, पाणी, जेवण आणि सोबतीला माणूस देऊन.

न्यायचं कुठे? जवळच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेत. इथे कुटुंबं आणि पोलीस दोघंही हटकून अडकतात. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एखाद्या ठिकाणीच न्यावं लागतं असं त्यांना वाटतं आणि दीडशे-दोनशे किलोमीटरच्या प्रवासाची, गाडीची, डिझेलची चर्चा सुरू होते. कायदा पहिल्या तपासणीसाठी जवळचं सरकारी रुग्णालय मागतो. तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, जिल्ह्याचं सिव्हिल, यांपैकी जे जवळ असेल ते. तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्याने मूल्यमापनाची व्यवस्था करायची, ही जबाबदारी कलम १००(५) ने त्याच्यावर टाकली आहे. "आमच्याकडे मनोविकारतज्ज्ञ नाही, पुढे घेऊन जा" असं दारातूनच सांगून त्याची जबाबदारी संपत नाही.

संरक्षणात घेतल्याची नोंद स्टेशन डायरीत वेळेसकट झाली आहे ना, ते विचारा. दवाखान्याला दिलं जाणारं पत्र साधारण असं असावं:

"प्रति, वैद्यकीय अधिकारी. खालील वर्णनाच्या इसमास आज रोजी दुपारी ३.४० वाजता मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७, कलम १००(१) अन्वये संरक्षणात घेतले आहे. कारण: पुलाच्या कठड्यावर चढून उडी मारण्याचा प्रयत्न. त्याच्याविरुद्ध कोणताही गुन्हा दाखल नाही. कलम १००(३) अन्वये आरोग्यविषयक मूल्यमापनासाठी हजर करीत आहोत. सोबत भाऊ हजर आहे. अंगावर डाव्या कोपरास खरचटल्याची जखम आहे, ती संरक्षणात घेण्यापूर्वीची आहे."

शेवटचं वाक्य क्षुल्लक समजू नका. अंगावरच्या जखमा, सोबतचे पैसे, मोबाईल, दागिने यांची नोंद वेळीच झाली तर नंतरचे आरोप-प्रत्यारोप टळतात. पत्रावर दवाखान्याची पोच घ्या आणि तुमच्या मोबाईलमध्ये त्याचा फोटो ठेवा. पत्राचा ठेवा, रुग्णाचा नको.

पाचवी पायरी: डॉक्टर काय ठरवू शकतात

इथून पुढे पोलिसांचा शब्द चालत नाही. "साहेबांनी सांगितलंय, भरती करून घ्या" असं म्हणून कोणाला भरती करता येत नाही.

जीव जाण्याचा किंवा कायमची हानी होण्याचा, स्वतःला किंवा इतरांना गंभीर इजा होण्याचा किंवा आजारामुळे मालमत्तेचं मोठं नुकसान होण्याचा धोका समोर उभा असेल तर कलम ९४ खाली कोणताही नोंदणीकृत डॉक्टर तातडीचे उपचार सुरू करू शकतो. नामनिर्देशित प्रतिनिधी हजर असेल तर त्याची माहितीपूर्ण संमती घेऊन. हे उपचार जास्तीत जास्त ७२ तास चालू शकतात, किंवा त्याआधी मानसिक आरोग्य संस्थेत तपासणी झाली तर तेवढाच वेळ. विजेचे झटके तातडीचे उपचार म्हणून देता येत नाहीत. इंजेक्शन द्यायचं की नाही हे डॉक्टर ठरवतील. पोलिसांनी किंवा घरच्यांनी त्यासाठी जोर लावू नये.

संमतीशिवायची खरी भरती होते कलम ८९ खाली. कायदा तिला आधार देऊन केलेली भरती मानतो. नामनिर्देशित प्रतिनिधीने अर्ज करायचा. दोन जणांनी रुग्णाला स्वतंत्रपणे तपासायचं, त्यांतला एक मनोविकारतज्ज्ञ हवाच. तपासणी भरतीच्या दिवशी किंवा त्याआधीच्या सात दिवसांत झालेली हवी. नुकतंच स्वतःला इजा करण्याची धमकी किंवा प्रयत्न, दुसऱ्याशी हिंसक वागणं किंवा इजेची भीती घालणं, किंवा स्वतःची काळजी घेता न आल्यामुळे जीव धोक्यात येणं, यांपैकी काहीतरी असल्याचं दोघांचंही मत पडलं पाहिजे. एवढं झाल्यावर भरती जास्तीत जास्त ३० दिवसांची. पुढे ठेवायचं तर कलम ९० खाली पुन्हा तपासणी आणि मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाची (अशा भरतींवर आणि रुग्णांच्या हक्कांवर लक्ष ठेवायला याच कायद्याने आणलेल्या मंडळाची) परवानगी. रुग्ण स्त्री असेल तर भरतीची माहिती मंडळाला तीन दिवसांत आणि पुरुष असेल तर सात दिवसांत कळवावी लागते. या भरतीविरुद्ध रुग्ण स्वतः मंडळाकडे अर्ज करू शकतो, त्याचा प्रतिनिधीही करू शकतो. तान्ह्या मुलाच्या आईला भरती करताना तीन वर्षांखालच्या मुलाची आईपासून सहसा ताटातूट करायची नाही, अशीही तरतूद आहे.

या अर्जात पोलिसांचा कुठेही उल्लेख नाही हे लक्षात आलं असेल. घरचे तयार असतील, दोन तपासण्या होऊ शकत असतील आणि रुग्णाला समजावून नेता येत असेल तर कलम ८९ ची भरती पोलिसांशिवाय होते.

आणि तपासणीत भरतीची गरज नाही असं निघालं तर? डॉक्टरांनी तसं पोलिसांना कळवायचं आणि ज्या पोलिसांनी आणलं त्यांनीच माणसाला घरी सोडायचं. घर नसेल तर सरकारी निवाऱ्यात. "तुमचं काम झालं, आता तुम्ही बघा" असं म्हणून त्याला दवाखान्याच्या फाटकावर सोडून जाणं कलम १००(६) मध्ये बसत नाही.

माणूस रस्त्यावरचा असेल तर

बेघर रुग्णाच्या मागे कोणी नसतं, म्हणून त्याच्या बाबतीत पोलिसांचं काम वाढतं. कलम १००(७) प्रमाणे हरवलेल्या व्यक्तीची प्रथम खबर नोंदवून त्याच्या कुटुंबाचा शोध घेणं आणि तो कुठे आहे हे त्यांना कळवणं ही ठाणे प्रभाऱ्याची जबाबदारी आहे. होतं असं की माणूस दवाखान्यात पोचला की ठाण्यातला कागद बंद होतो. मिसिंगची नोंद झालीच नाही तर दूरच्या राज्यात त्याला शोधणाऱ्या आईच्या तक्रारीशी ती जुळणार कशी?

कार्यकर्त्यांनी इथे जीव ओतावा. माणूस कोणत्या भाषेत पुटपुटतो, हातावर काय गोंदलंय, खिशात कुठल्या गावचं तिकीट किंवा शाळेचं नाव असलेला कागद आहे का, जेवताना काय मागतो, हे सगळं लिहून ठाण्यात द्या. गोळ्या सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी बरीच माणसं स्वतःहून गावाचं, शाळेचं, नदीचं नाव सांगायला लागतात. म्हणून पहिल्या दिवशी काही कळलं नाही तरी महिन्याभराने पुन्हा विचारायला जा आणि मिळालेली माहिती त्याच नोंदीत घालून घ्या. कुटुंब सापडेपर्यंत नामनिर्देशित प्रतिनिधीचं काम एखाद्या नोंदणीकृत संस्थेचा माणूस तात्पुरतं करू शकतो. बेवारस मूल असेल तर १०९८ आणि बाल कल्याण समिती ही वेगळी वाट आहे, तिकडेच जा.

माणूस घरात कोंडलेला असेल तर

मागच्या पडवीत साखळीने बांधलेला मुलगा, कडी लावलेल्या खोलीत वर्षानुवर्षं ठेवलेली बहीण. शेजाऱ्यांना माहीत असतं, पण "त्यांच्या घरातलं आहे" म्हणून कोणी बोलत नाही. कलम १०१ शेजाऱ्यांना गप्प बसायची मोकळीक देत नाही. मानसिक आजार असलेल्या माणसाला सांभाळणारेच त्याचा छळ करतायत किंवा त्याच्याकडे दुर्लक्ष करतायत असं मानायला कारण असेल तर कोणीही ते ठाण्यात कळवायचं आहे आणि ठाणे प्रभाऱ्याने ते ताबडतोब दंडाधिकाऱ्यांना कळवायचं आहे. दंडाधिकारी त्या माणसाला समोर हजर करायला सांगू शकतात आणि कलम १०२ खाली त्याला सरकारी मानसिक आरोग्य संस्थेत तपासणीसाठी पाठवू शकतात, किंवा तपासणी आणि उपचारांची आखणी करण्यासाठी जास्तीत जास्त दहा दिवसांची भरती मंजूर करू शकतात. मुदत संपल्यावर डॉक्टरांचा अहवाल कोर्टात जातो. सध्याच्या कायद्यात या प्रक्रियेत कोर्ट येतं ते मुख्यतः इथे.

६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूतल्या एरवाडीत दर्ग्याजवळच्या एका खासगी निवाऱ्याला आग लागली. आतल्या रुग्णांना साखळ्यांनी बांधलेलं होतं, त्यांना पळता आलं नाही. २८ जणांचा जीव गेला. २०१७ च्या कायद्याच्या कलम ९५ ने रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधायला बंदी घातली आहे.

ही तक्रार करताना घरच्यांना खलनायक ठरवून जाऊ नका. पुष्कळदा बांधून ठेवणारी आई सत्तरीची असते, मजुरीला जाते आणि मुलगा रेल्वे रुळावर जाईल या धास्तीने ती कडी लावते. अर्जात छळाचं नेमकं वर्णन लिहा, सोबत या घराला काय मदत लागेल तेही लिहा.

आत्महत्येचा प्रयत्न झाला असेल तर

"केस होईल" ही भीती इथे सगळ्यांत जास्त असते, आणि तीपायी लोक दवाखान्यातही खोटं सांगतात: औषध चुकून प्यायलं, पाय घसरून पडली. कलम ११५ प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरायचं आहे आणि तिला त्यासाठी शिक्षा करायची नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर जुन्या दंड विधानातलं कलम ३०९ घेतलेलंच नाही. कलम २२६ आहे, पण ते सरकारी सेवकाला त्याच्या कामात भाग पाडण्यासाठी किंवा अडवण्यासाठी केलेल्या प्रयत्नाबद्दल आहे. पोलीस जबाब घ्यायला येतील, कारण कोणी छळ केला होता का हे त्यांना पाहावं लागतं. डॉक्टर 'बोलण्याच्या स्थितीत आहे' असं सांगेपर्यंत जबाबाची घाई करू नका अशी विनंती करा. डॉक्टरांना मात्र पहिल्या मिनिटापासून खरं सांगा, उपचार त्यावरच ठरतात.

रुग्णाच्या हातून खरोखरच गुन्हा घडला असेल तर वाट वेगळी होते. अटक होऊ शकते, मग भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६७ पासूनच्या तरतुदी लागू होतात. तिथे लगेच वकील करा आणि आजाराची कागदपत्रं पहिल्याच तारखेला कोर्टासमोर ठेवा.

पोलीस ऐकत नसतील तर

लेखी द्या. तोंडी विनंतीला 'बघू' हे उत्तर मिळतं, पण अर्जावर पोच द्यावी लागते. अर्जात वेळ, ठिकाण, धोका आणि कलम १०० चा उल्लेख करा. ठाण्यात दाद लागली नाही तर उपविभागीय अधिकारी, मग पोलीस अधीक्षक किंवा आयुक्त कार्यालय. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील सोबत असला तर पुष्कळ दारं पटकन उघडतात. कोठडीत ठेवलं, मारहाण झाली, चोवीस तास उलटले, तर वेळेच्या नोंदी सांभाळून ठेवा. या कायद्याचं उल्लंघन करणाऱ्याला कलम १०८ खाली पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. दवाखान्यातल्या वागणुकीबद्दलची तक्रार मंडळाकडे करता येते.

रुग्णाला गाडीत बसवतानाचे व्हिडिओ काढून गटांवर फिरवणाऱ्या बघ्यांना तिथल्या तिथे थांबवा. मानसिक आरोग्य संस्थेत उपचार घेणाऱ्या माणसाचा फोटो किंवा माहिती त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देऊ नये असं कलम २४ सांगतं, आणि कायद्याने सांगितलं नसतं तरी तो माणूस महिन्याभराने बरा होऊन त्याच गल्लीतून चालणार असतो.

माणूस बरा असताना करून ठेवायचं काम

नामनिर्देशित प्रतिनिधी साध्या कागदावर नेमता येतो. रुग्णाने स्वतः लिहायचं की माझ्या उपचारांच्या बाबतीत अमुक व्यक्ती माझा प्रतिनिधी असेल, आणि सही किंवा अंगठा करायचा. ती व्यक्ती सज्ञान हवी आणि तिची तयारी हवी. रुग्ण हे नाव कधीही बदलू शकतो. कोणाला नेमलेलं नसेल तर आधी नातेवाईक, मग सांभाळ करणारी व्यक्ती, असा क्रम कायद्याने लावून दिला आहे. पण भाऊ आणि बायको दवाखान्याच्या दारात भांडत असतील तेव्हा हा एक कागद फार मोलाचा ठरतो. आजार बळावला तर कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, याचं आगाऊ निर्देशपत्रही कलम ५ प्रमाणे करता येतं.

कागदाच्या दोन प्रती काढा. एक रुग्णाच्या फाइलमध्ये, डिस्चार्ज कार्डाच्या वर. दुसरी प्रतिनिधीकडे. फाइलच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरांत आजाराचं नाव, चालू गोळ्या, कशाची ॲलर्जी आहे, उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा नंबर आणि तो कोणाचं ऐकतो ते नाव लिहून ठेवा. दर वेळी गोळ्या बदलल्या की हे पान नवं करा.